काचेचा संडास आणि आतली कडी

(बचत गटांच्या मासिक बैठकीसाठी केलेलं रेडिओवरचं भाषण)

देवगाव फाट्याहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय घरात काढला तर थोरली माणसं म्हणतील, "अगं, चारचौघांत हे काय बोलायचं?" पण चारचौघांत बोललो नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं तसाच राहिला. विषय आहे बाईमाणसाने बाहेर पडल्यावर लघवीला कुठं जायचं.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही एक साधा प्रश्न विचारला. सेलूला बँकेत जायचं असलं, जिंतूरला दवाखान्यात जायचं असलं, नाहीतर मंठ्याच्या बाजाराला, तर निघताना तुम्ही पाणी पिता का? ज्या पीत नाहीत त्यांनी हात वर करा म्हटलं. बहुतेक सगळ्यांचे हात वर! एकमेकींकडे बघून आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपलं एकटीचंच गुपित आहे.

आमच्यातल्या एक काकू रस्त्याला भाजी विकायला बसतात. सकाळी सातला टोपली मांडायची, ऊन उतरल्यावर उठायचं. तोवर घोटभर चहा, बाकी काही नाही. मराठवाड्याचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांत तीनदा त्यांना लघवीची जळजळ, थंडी वाजून ताप आणि कमरेत कळा आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" काकू म्हणाल्या, "पिऊन जाऊ कुठं?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पण काकूंच्या प्रश्नाला गोळीत उत्तर नव्हतं.

पाणी कमी पिणं आणि लघवी तासन् तास दाबून धरणं, या दोन्हींनी मूत्रमार्गात जंतू वाढायला जागा मिळते. पाणी कमी पडलं की मुतखड्याचाही धोका वाढतो. गरोदर बाईला असा संसर्ग झाला तर दुखणं तिच्यापुरतं राहत नाही, पोटातल्या बाळालाही त्रास होऊ शकतो. साखरेचा आजार असलेल्या बाईला लघवी दाबून धरणं अवघड जाऊ शकतं. आणि पाळी आलेली पोरगी कॉलेजला जाताना घरून लावलेलं कापड किंवा पॅड संध्याकाळपर्यंत तसंच ठेवते. हे सगळं आपण "बाईचं नशीब" म्हणून सोडून देतो. खरं तर एका खोलीची, एका कडीची आणि बादलीभर पाण्याची ही गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात काचेचा संडास कुठून आला? तेच सांगतो.

आमच्या गटातल्या एकीची भाची जपानात, टोकियो शहरात नोकरीला आहे. दिवाळीच्या सुमारास तिने फोन लावला. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले होते, तिकडे संध्याकाळचे सहा. मावशीने तिला सहज विचारलं, "तुमच्याकडं बाहेर फिरताना बाया कुठं जातात गं?" ती म्हणाली, "थांब, दाखवतेच." आणि फोन हातात धरून तिने आम्हाला एका बागेत नेलं. अंधार पडला होता. बागेत निळ्या-हिरव्या काचेच्या तीन खोल्या कंदिलासारख्या पेटलेल्या. आत संडासाचं भांडं, हात धुवायचं बेसिन, सगळं बाहेरून लख्ख दिसत होतं. आमच्यातली एक ओरडलीच, "अगं बाई! काचेचा संडास? कोण जाईल त्यात?"

भाची आत गेली, कडी लावली, आणि काच एकदम दुधासारखी धूसर झाली. बाहेरून काही म्हणता काही दिसेना.

आमच्या आजी लगेच म्हणाल्या, "आणि लाईट गेली म्हंजे?" हा प्रश्न आपल्या भागातल्या बाईलाच पहिला सुचणार! पण त्याचं उत्तरही सरळ आहे. त्या काचेत वीज चालू असते तेव्हा ती आरपार दिसते. कडी लावली की वीज तुटते आणि काच धूसर होते. म्हणजे वीज गेली तरी अब्रू झाकलेलीच राहते. मात्र कडाक्याच्या थंडीत काच धूसर व्हायला वेळ लागू लागला, तेव्हा ती कायमच धूसर ठेवावी लागली, असंही झालं. यंत्र कितीही भारी असलं तरी त्याच्या खोडी असतातच.

पण मुळात काच लावलीच कशाला? हे ऐकण्यासारखं आहे. शिगेरू बान नावाचे तिथले जगभर नाव असलेले वास्तुरचनाकार, म्हणजे इमारतीचा आराखडा करणारे, त्यांनी ती बांधली. त्यांचं म्हणणं असं की सार्वजनिक संडासात जाताना माणसाला दोन भीती असतात. पहिली, आत घाण तर नसेल ना? दुसरी, आत कोणी लपून बसलं तर नसेल ना? काच आरपार असली की दोन्हींचं उत्तर दार उघडायच्या आधीच मिळतं.

मैत्रिणींनो, या दोन भीती ऐकल्या आणि आम्ही चमकलो. त्या तर आमच्याच होत्या!

टोकियोतल्या शिबुया नावाच्या भागात 2020 ते 2023 या काळात अशी 17 सार्वजनिक शौचालयं बांधली गेली. निप्पॉन फाउंडेशन या संस्थेने पुढाकार घेतला आणि 16 नामवंत रचनाकारांना काम दिलं. भाचीने नंतर एकेक करून फोटो पाठवले. तादाओ आंदो यांनी एक गोल शौचालय केलंय. त्याच्या भिंतीला उभ्या पट्ट्या आहेत, त्यातून वारा आणि उजेड खेळतो, आणि छप्पर इतकं पुढं काढलंय की पावसात वाटसरूलाही आडोसा मिळावा. केन्गो कुमा यांनी झाडीत देवदाराच्या फळ्या लावून पाच वेगवेगळ्या झोपड्या केल्या, त्यांतली एक लहान मुलांसाठी. काझू सातो यांनी एक असं केलं की आत नळ, पाणी सगळं बोलून चालू करता येतं, कुठं हात लावायची गरज नाही.

पण सगळंच जमलं असं नाही. एका ठिकाणी फक्त बायकांसाठी अशी वेगळी खोलीच ठेवली नव्हती. त्यावर तिथल्या बायांनी जाहीर नाराजी दाखवली. म्हणजे आराखडा करणारा कितीही मोठा असो, वापरणारीला विचारलं नाही तर चूक राहतेच.

आणखी एक गोष्ट. तिथं बांधकामाबरोबरच ठरवलं की साफसफाई कोण करणार, किती वेळा करणार. सफाई करणाऱ्यांना चांगला गणवेश दिला. 2023 साली 'परफेक्ट डेज' नावाचा सिनेमा आला, त्याचा नायक हीच शौचालयं साफ करणारा माणूस आहे. त्याचं काम करणाऱ्या नटाला कान या मोठ्या महोत्सवात सर्वोत्तम नटाचं बक्षीस मिळालं. आपल्याकडे हे नवीन वाटायला नको. हातात खराटा घेऊन गावोगाव झाडणारे गाडगेबाबा आपल्याच मातीतले. त्यांच्या नावाने 2000 साली राज्यात ग्राम स्वच्छता अभियानही सुरू झालं.

फोन बंद झाला आणि एकजण म्हणाली, "हे जपानचं झालं. आपल्याकडं काय?" तर ऐका. आपल्याकडे हे काम जपानच्या वीस वर्षं आधी झालेलं आहे. आणि ते केलं बचत करणाऱ्या बायांनी.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी 1986 साली 'महिला मिलन' नावाचं संघटन उभं केलं. आपल्यासारखंच. रोज थोडेथोडे पैसे बाजूला ठेवायचे, अडीअडचणीला एकमेकींना कर्ज द्यायचं. स्पार्क ही संस्था आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांच्या बरोबर होते. 1999 साली पुणे महापालिकेचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी ठरवलं की झोपडपट्ट्यांमधली शौचालयं नेहमीच्या ठेकेदारीने न बांधता अशा संस्थांना बरोबर घेऊन बांधायची. बांधायचा खर्च महापालिकेचा, उभारणी आणि देखभाल संस्थेची आणि वस्तीची. स्पार्क आणि महिला मिलन यांच्याकडे शंभरावर शौचालयांचं काम आलं.

आता या बायांनी काय केलं? त्यांनी आधी वस्तीत विचारलं, जुन्या संडासात तुम्हाला कशाची अडचण होते?

बाया म्हणाल्या, पुरुषांची आणि आमची रांग एकच, धक्के लागतात, टक लावून बघतात. म्हणून पुरुषांचं आणि बायांचं दार वेगळं केलं.

आया म्हणाल्या, सकाळच्या घाईत मोठी माणसं पोरांना रांगेतून ढकलून देतात. आणि आत अंधार, भोक मोठं, पोर घाबरतं, मग बाहेर गटारीवर बसतं. म्हणून मुलांसाठी वेगळे संडास केले. भांडं लहान, भोक लहान, आणि तोल जाऊ नये म्हणून धरायला दांडी.

म्हाताऱ्या म्हणाल्या, उकिडवं बसवत नाही. म्हणून त्यांच्यासाठी आणि अपंगांसाठी सोय केली.

सगळ्यांनी सांगितलं, पाणीच नसतं. म्हणून मोठ्या टाक्या बांधल्या. उजेड आणि वारा नीट येईल अशा भिंती केल्या.

आणि राखणार कोण? म्हणून देखभाल करणाऱ्याला तिथंच कुटुंबासह राहायला खोली दिली. राहायची सोय झाल्याने त्याच्या पगाराचा भार वस्तीवर कमी पडला. पैशाचा हिशोबही बायांनीच मांडला. दर खेपेला एक रुपया घेतला तर पाच माणसांच्या घराला महिन्याला दीडशे रुपये लागतात, गरिबाला ते परवडत नाही. म्हणून घरटी महिन्याचा पास ठेवला, साधारण वीस रुपयांचा. काही ठिकाणी तर बांधकामाचा ठेकाही बायांनी घेतला. ज्यांनी कधी वाळू-सिमेंटचा भाव विचारला नव्हता, त्या गवंड्याला माप विचारू लागल्या.

शिकलेल्या रचनाकारांनीही चांगलं काम केलंय. ठाण्यात 2016 साली रोहन चव्हाण या वास्तुरचनाकाराने खास बायकांसाठी 'लाइट बॉक्स' नावाचं शौचालय केलं. तिथं आधीपासून एक झाड होतं. ते न तोडता त्याच्याभोवतीच बांधलं. छप्पर उजेड झिरपेल असं, आणि आत नुसते संडास नाहीत, तर दोन घटका टेकायला जागा. प्रवासातल्या बाईला दम खायलाही सुरक्षित जागा लागते, हे त्याने ओळखलं. त्याच वर्षी पुण्यात भंगारात निघालेल्या शहर बसगाड्यांमध्ये बायांसाठी शौचालयं केली गेली. नाव 'ती'. आत देशी आणि कमोड अशी दोन्ही भांडी, बेसिन, पॅड मिळायची सोय आणि देखरेखीला एक बाई.

आणि हे कोणाच्या मेहरबानीवर सोडायचं नाही, हेही बायांनी लढून दाखवलंय. मुंबईत 2011 पासून कोरो आणि इतर अनेक संघटनांनी 'राइट टू पी' म्हणजे लघवी करण्याचा हक्क या नावाने चळवळ चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायांकडून पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या आपल्यासारख्याच बायांच्या मासिकाच्या न्यासाने उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना सांगितलं की रस्त्यावरच्या बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालयं देणं हे तुमचं कर्तव्य आहे, कारण सन्मानाने जगण्याच्या हक्कातच ते येतं. निकाल शहरांपुरता असला तरी सन्मान काही शहराच्या वेशीवर संपत नाही.

आता आपल्या फाट्याकडे येऊ. फाटा कुठलाही घ्या. एसटीची वाट बघणाऱ्या बाया, दवाखान्याला निघालेली गरोदर पोरगी, कॉलेजच्या मुली, भाजीवाल्या. आम्ही बैठकीत वही उघडली आणि पुण्याच्या बायांनी विचारलं तेच एकमेकींना विचारलं. "तुला भीती कशाची वाटते?" जे निघालं ते सांगतो. तुमच्या गटातही विचारा, अजून निघेल.

पहिलं, जागा. संडास मागच्या अंगाला, झुडपात नको. थांब्यावरून दिसला पाहिजे. मात्र दार पानटपरीच्या समोर उघडायला नको. दारापुढे डोक्याइतकी आडभिंत घातली की दोन्ही साधतं. रात्री बाहेर दिवा हवाच.

दुसरं, दार. आतली कडी मजबूत हवी. आम्हाला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटलं ते या कडीबद्दल. कडी मोडकी असली की एकीने बाहेर पहारा द्यायचा, आणि एकटी असेल तिने जायचंच नाही. दोनशे रुपयांच्या वस्तूने लाखांचं बांधकाम वाया जातं. आत पिशवी अडकवायला एक खुंटी हवी. ओल्या फरशीवर पर्स कुठं ठेवणार?

तिसरं, संख्या. पुरुषांना दोन तर बायांना दोन, हा वाटा बरोबर दिसतो पण बरोबर नाही. साडी सावरायची, कडेवर पोर, पाळी असली तर आणखी वेळ. बाईला वेळ जास्त लागतो, म्हणून बायांच्या खोल्या जास्त हव्यात.

चौथं, गुडघे. एक खोली कमोडची, भिंतीला धरायला दांडी आणि पायरीऐवजी उतार. उताराचं माप लक्षात ठेवा. जोतं एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब हवा. त्याहून तोकडा केला की तो घसरगुंडी होतो आणि चाकाची खुर्ची चढत नाही.

पाचवं, पाणी. टाकी, खाली हात पुरेल असा नळ, बादली, मग, आणि बाहेर हात धुवायला साबण. पाण्याची सोय आधी ठरवा, मग पाया खणा.

सहावं, पॅड टाकायला झाकणाचा डबा. तो नसला की पॅड भांड्यात जातं, संडास तुंबतो आणि महिनाभरात कुलूप लागतं.

सातवं, आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी फार हळू शोषते. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर भिंतीला तडे जातात. शोषखड्डा मोठा, भोवती वाळू-खडी भरलेला हवा, आणि विहीर-बोअरपासून लांब. हे इंजिनिअरला माहीत असतं, पण विचारणारी कोणीतरी असावी लागते.

आठवं, सफाई करणारी किंवा करणारा. पगार किती, कोण देणार, हातमोजे, बूट, झाडू कुठून येणार, हे ठरावात लिहा. आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही. आतल्या वायूने जीव जातो. हाताने मैला साफ करायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी उपसायची ती यंत्रानेच.

मग पैसा? स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये सार्वजनिक शौचालयाला 3 लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. त्यात 2 लाख 10 हजार मिशनचे आणि 90 हजार पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले. चालवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची. यंदा कोणता निधी चालू आहे, अर्ज कधी द्यायचा, हे ग्रामपंचायतीत विचारा. आणि हे विचारायची आपली हक्काची जागा म्हणजे महिला सभा. आपल्या कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. तिथं आठही मुद्दे मांडा, ठराव लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही करा.

तोवर एक माहिती उपयोगी पडेल. पेट्रोल पंपावरचं शौचालय आणि पिण्याचं पाणी मोफत असतं. कोणी किल्ली नाही म्हणालं तर दोघी-तिघी मिळून मागा. एकटीचा आवाज दबतो, तिघींचा दबत नाही.

शेवटी भाजीवाल्या काकूंचं सांगतो. हे भाषण लिहिताना आम्ही त्यांना विचारलं, "काकू, तुमच्यासाठी काय लिहू?" त्या म्हणाल्या, "मला काच नको न् फरशी नको. आतून कडी लागू द्या, न् कडी लावल्यावर बाहेर कोणी दार वाजवू नये. मग मी घरून तांब्याभर पाणी पिऊन निघंन."

ठरावाच्या कागदावर पहिलं वाक्य आम्ही तेच लिहिणार आहोत. तुमच्या महिला सभेची तारीख काढून ठेवा, वहीत तुमचे मुद्दे लिहा आणि आम्हाला कळवा.